नाडीवर बोट

४ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! तुरुंगाच्या दवाखान्यात मेट्रन म्हणून जाते म्हटल्यावर आई दोन दिवस धड जेवली नव्हती, आणि इथे माझी चंगळ आहे. दोन खोल्यांचं क्वार्टर, नळाला धो धो पाणी, खिडकीसमोर डेरेदार झाड. दवाखान्यातल्या चादरी तेवढ्या कळकट. आल्या आल्या सगळ्या उकळायला टाकल्या. हाताखाली दोन नर्स. थोरल्या माई, बोलणं कमी, काम चोख. धाकटीची दिवसभर चिवचिव. जेलरसाहेब स्वतः भेटून गेले. आवाज इतका मऊ की कान द्यावा लागतो. ताईला फोनवर सांगितलं, वाघाच्या गुहेत आले खरी, पण वाघ शाकाहारी निघाला.

९ ऑक्टोबर

आज एक कैदी दाखल झाला. बाहेर शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली. शिपाई म्हणाला, न्हाणीघरात घसरले. घसरल्यावर नखं कशी उपटली जातात, असं मी विचारणार होते, पण माईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. बोटं सरळ करून बांधली. मास्तर ओरडले नाहीत. उलट म्हणाले, पोरांच्या वह्या तपासून ही बोटं तशीही कामातून गेलीच होती.

१७ ऑक्टोबर

ताप उतरला म्हणून काल मी मास्तरांना न्यायला परवानगी दिली. आज परत आणले. बांधलेली बोटं पुन्हा मोडलेली. डाव्या मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. धाकटी बाहेर जाऊन ओकली. मास्तरांच्या सोबत्यांची नावं हवी आहेत, आणि ते देत नाहीत. साहेब माझं कौतुक करत होते, तुमच्या हाताला गुण आहे, माणूस लवकर उभा राहतो. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आम्ही माणूस बरा करत नाही. पुढच्या मारासाठी तयार करतो.

२० ऑक्टोबर

दोघींना औषधांच्या खोलीत बसवून विचारलं. माई म्हणाल्या, उपचार थांबवले तर जखमा चिघळून मरेल. धाकटी म्हणाली, केले तर मार खाऊन मरेल. दोघींचंही खरं. मग दोघी माझ्या तोंडाकडे बघत बसल्या, कारण मेट्रन मी. शेवटी ठरवलं: उपचार चालू ठेवायचे, पण मास्तर बरे झाले असं कुणी म्हणायचं नाही. ताप नसला तरी आहे म्हणायचं. हाताखालच्या दोघींना खोटं बोलायला शिकवलं मी.

२४ ऑक्टोबर

साहेबांनी बाहेरचा डॉक्टर आणला. खोटं उघडं पडलं. शिपायाने धाकटीची बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. साहेबांचा आवाज तेव्हाही मऊच. म्हणाले, आता तुम्हीच आत बसा, नाडी धरून. जीव जायला लागला की हात वर करा, आम्ही थांबू. मी नोकरी सोडते म्हटलं. मग धाकटी बसेल, म्हणाले.

२५ ऑक्टोबर

बसले. मनगटं उरलेली नाहीत, म्हणून बोटं गळ्यावर. लोखंडी सळई. नाडी बुडाली की हात वर. ते थांबतात. सलाईन. मग पुन्हा—

हात वर केला की मास्तर बघतात. मारणाऱ्यांकडे नाही. माझ्याकडे.

२६ ऑक्टोबर

ड्रेसिंग करताना बोलले. ओठ फाटलेले, तरी स्पष्ट.

“सिस्टर, उद्या हात वर करू नका.”

२७ ऑक्टोबर

नाडी धाग्यासारखी झाली. मग नव्हतीच. मी हात वर केला नाही. साहेबांनी विचारलं, ठीक? मी म्हटलं, ठीक. सळई चालूच. मेलेल्या माणसावर— किती वेळ—

नावं मास्तरांबरोबरच गेली.  साहेब माझ्या हाताकडे बघत राहिले.

२८ ऑक्टोबर

धाकटीला सकाळच्या गाडीत बसवून दिलं. माईंनाही म्हटलं, निघा. त्या म्हणाल्या, माझा भाऊ आत आहे, मी कुठे जाऊ?

दुपार. गेटवर मला सोडत नाहीत. क्वार्टरमध्ये परत— कडी घातली आहे.

बूट. जिन्यावर.

फटीतून दिसतंय. साहेब. दोन शिपाई. मागे माई, बाह्या वर केलेल्या. साहेब त्यांना हळूच विचारताहेत,

“नाडी नीट सापडेल ना?”

माई म्हणाल्या, “सापडेल.”

दाराची बिजागरी— माई, तुम्ही तरी—