तक्ता पाठ करू नये

औंध, दि. ७ जुलै २०२५

चि. प्रांजल हिस धोंडिराममामाचे उदंड आशीर्वाद.

अक्षरं एवढी थोर काढलीत म्हणून रागावू नकोस. जाड मार्करने लिहितोय. पोस्टमनला निवडणुकीचा प्रचार वाटला तर वाटो. फोनवर तू हं हं करून सुटतेस, पत्रात ती सोय नाही.

गेल्या सत्रात अर्थशास्त्राचा पेपर निम्मा कोरा दिलास. येत नव्हतं म्हणून नव्हे, प्रश्न वाचण्यातच वेळ गेला म्हणून. तुझ्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार चष्म्याला दाद देत नाही, हे तू सातवीत असतानाच कळलं होतं. सरकारी दवाखान्यातून दिव्यांग प्रमाणपत्र आणलंस तर कॉलेज तासाला वीस मिनिटं जादा देईल, लेखनिकही देईल. परीक्षेचे अर्ज ऑगस्टअखेर. तोवर कागद नसेल तर याही खेपेला निम्मा पेपर कोरा, आणि वर्ष गेलं. आमच्या संस्कृतातले नैयायिक डोळ्यांसमोरच्या प्रत्यक्षाला पहिलं प्रमाण मानतात; सरकार कागदाला मानतं. सरकारशी वाद घालू नये.

तुझ्या आईचा फोन आला होता. एकदा शिक्का बसला की पोरीला स्थळं येणार नाहीत म्हणाली. मी म्हटलं, अगं राणे, डोळे धडधाकट असून तू काय निवडलंस ते आम्ही बघतोच आहोत. फोन कट झाला. रेंज नसावी.

तुझ्या बाबांना नमस्कार. वरचा मजकूर त्यांना वाचून दाखवू नये.

तुझा मामा


सांगली, दि. १७ जुलै २०२५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

काल जाऊन आले. प्रमाणपत्र मिळालं नाही, आणि चूक माझीच.

तपासणीच्या खोलीत बाकावर बसले होते. माझ्याआधी पलूसचे एक आजोबा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मोठ्यानं वाचत होते. तुम्ही मला शब्दरूपं ऐकून पाठ करायला लावायचात ना, ती सवय. शाळेत डोळे तपासायचे तेव्हाही मी पुढच्या मुलीचं ऐकूनच म्हणायचे. माझी पाळी आली, मॅडम वाच म्हणाल्या आणि सगळा तक्ता घडाघडा तोंडातून बाहेर! अगदी खालची बारीक ओळसुद्धा. आजोबा जिथं अडखळले तिथं मीही अडखळले.

मॅडम एकदा मशीनचा रिपोर्ट बघत होत्या, एकदा मला. म्हणाल्या, तुझा पडदा एक सांगतोय आणि तोंड दुसरंच; दोघांचं आधी जुळव आणि तीस तारखेला ये. आई मात्र खूश. तिला वाटलं पोरगी पास झाली. येताना पेढे घेतले.

मामा, खरं सांगते, मलाही क्षणभर बरं वाटलं. मला दिसत नाही, असं मी आजवर कुणापुढं मोठ्यानं म्हटलेलं नाही. मैत्रिणींना चष्मा विसरला म्हणून सांगते. तीस तारखेला जमेल का, ठाऊक नाही.

मामींना नमस्कार. रागावला असलात तर तेही मोठ्या अक्षरात लिहा.

आपली भाची,
प्रांजल


औंध, दि. २२ जुलै २०२५

चि. प्रांजल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शिक्षकखोलीत एकटाच हसत बसलो. एवढी वर्षं पाठांतर शिकवतोय, इतका उज्ज्वल निकाल प्रथमच. तोही आजोबांच्या चुकांसकट! यालाच गुरुपरंपरा म्हणतात.

आता धडा उलटा. जे दिसेल तेवढंच बोल. न दिसेल तिथं दिसत नाही म्हण. आज नळाला पाणी नाही, असं आपण गल्लीभर ओरडून सांगतो, लाजतो का? हेही तसंच, कमीपणाचं वाक्य नव्हे, माहितीचं. घरात सराव कर. आधी कुकरच्या शिट्टीत म्हण, मग शिट्टी नसताना.

आईला सोबत ने. पेढ्यांच्या दुकानावरून नेऊ नकोस.

पाठांतरावरचा विश्वास उडालेला,
मामा


सांगली, दि. २८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास राणीचा नमस्कार.

हिकडं सगळी खुशाल. मला काय तुझ्यावानी लिहायला येत न्हाई, पण फोनवर तू मधीच हसतोस, म्हणून पत्र.

जुलैच्या त्या तीस तारखेला मॅडमनी तक्ताच बदललेला. पोरीनं वरचं मोठं अक्षर सांगितलं आणि दुसऱ्या ओळीला गप. गॅदरिंगला मी पडद्याआडनं तिला ओळी सांगायची बघ, तसंच झालं; माझ्या तोंडातनं हळूच अक्षर निघून गेलं. मॅडम वळून म्हणल्या, आवं आई, डोळं कुणाचं तपासायचं हायत? समदी हसली. प्रांजल मागं न बघता म्हणाली, आई, सांगू नकोस, मला न्हाई दिसत. लय शांत म्हणाली रं. मग दर ओळीला तेच, आवाज वाढवत.

मला वाटायचं, जरा धूसर दिसत असंल. इतकी वर्षं माझी लेक माझं तोंड कसं बघत आली असंल, ते त्या खोलीत कळलं. घरी येऊन विचारलं तर म्हणती, तू चिडलीस का न्हाई ते आवाजावरनंच कळतंय, तोंड कशाला बघू!

कागद ऑगस्टात मिळाला. कॉलेजनं लेखनिक दिली, अक्षता नावाची, पहिल्या वर्षाची पोरगी. ती प्रश्न वाचती, ही सांगती, ती लिहिती. शेजारणीनं स्थळाचं काढलं तवा मीच म्हणलं, येणाऱ्यानं आधी तो कागद वाचूनच यावं.

परवा अर्थशास्त्राचा पेपर होता. मी गेटवर उभी. सगळी पोरं बाहेर आली, हिचा पत्ता न्हाई. जादा वेळ हाय हेच मी इसरलेली. शेवटाला एकटीच निवांत चालत आली. सगळा पेपर झाला म्हणाली, वर वेळ उरला. मी म्हणलं, मग लवकर का उठली न्हाईस, मी हितं उन्हात उभी. तर म्हणाली, माझा वेळ होता, बसले.

वैनीला घेऊन ये एकदा. आमच्या ह्यांच्यावर टोमणं मारायचं असलं तर तोंडावर येऊन मार, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
राणी