पिक्सेलमध्ये मिसळलेला रस्ता

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि या आठवड्यात मी पहिल्यांदा तुमच्यावर संशय घेतला.

माझं काम तुम्ही पाहिलं नाहीत. सर्जापूर रोडवरच्या एका ऑफिसात मी इतरांच्या पाहणीचे अहवाल वाचण्याजोगे करते आणि मुदतीत देते. या वेळचा अहवाल शहराच्या दक्षिणेकडच्या जंगलाचा. उपग्रहाच्या चित्रांवरून ते किती तुकड्यांत फाटलंय, हे मोजायचं होतं. निष्कर्ष आला, 'जंगल अखंड'. मधल्या रस्त्याने जंगल तुटत नाही असं ठरलं, तरच तो रुंद करायची परवानगी मिळणार. पण त्याच रस्त्याने तुम्ही मला लहानपणी बसने नेलं होतं. म्हणून नकाशा करणाऱ्या, पुण्याहून आलेल्या सहकारिणीला विचारलं, "रस्ता कुठे गेला?"

"मॅम, पिक्सेल तीस मीटरचा, रस्ता आठ मीटरचा. झाडांतच मिसळतो."

"बारीक पिक्सेलची चित्रं आहेत ना?"

"आहेत. क्लायंटने हीच वापरा म्हटलंय." ती हसली. "तुम्ही फक्त लँग्वेज बघा ना."

मग मी तुमच्या सर्वेक्षण खात्यातून त्या भागाचा जुना नकाशा मागवला. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून तुम्ही हाताने केलेला, कोपऱ्यात तुमची सही. त्यातही तो रस्ता नाही.

चामराजपेटच्या आपल्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून बसला आहात. आई म्हणते, "जंगल उचला, भात वाढायचाय." तुम्ही दिलेल्या रद्द कागदावर मी हिरवा रंग भरते आणि एक पांढरी रेघ बुजवते. तुम्ही पेन्सिल काढून घेता. "दिसतंय ते झाकायचं नाही. सरी?" तुमचं ते कानडीतलं 'कळलं ना?'. मी आठ वर्षांची आहे, रडते.

पेन्सिलीच्या टोकाहून बारीक वाट काढायची नाही, असा तुमच्याकडे नियम होता, मला माहीत आहे. पण त्याच नकाशात, जंगलाबाहेर, त्याहून अरुंद गाडीवाट तुम्ही काढली आहे. नियम तिला लागला नाही, रस्त्याला लागला. कुणी सांगितलं होतं, अण्णा? की सांगावंही लागलं नाही?

आज पाचपर्यंत अहवाल द्यायचा होता. 'बारीक पिक्सेलवर पुन्हा मोजा' असा शेरा मी लिहिला होता. साडेचारला तो काढला आणि एक वाक्य घातलं, 'पूर्वीच्या नकाशातही हे जंगल अखंडच दिसते.' खाली तुमच्या नकाशाचा संदर्भ दिला.

अहवाल वेळेत गेला. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. कुणी विचारलंच तर तुमची सही दाखवायची, हे मी ते वाक्य लिहितानाच ठरवलं होतं.