बोटीच्या पोटातलं पाणी

प्रिय जावईबापू,

तुम्ही फोन उचलत नाही, ते बरोबरच करता. उचलला असतात तर मी तब्येत विचारली असती, हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या असत्या आणि ठेवून दिला असता. मुद्द्याचं बोलायची वेळ आली की मी असाच सटकतो, हे तुमच्या सासूबाई लग्नापासून सांगत आल्या आहेत. म्हणून कागद घेऊन बसलोय. आधी बरी बातमी देतो. बोट धक्क्याला उभी आहे आणि तळ कोरडा आहे. सकाळी फळी उचलून आत उतरलो, गुडघ्यांनी खूप कुरकुर केली, पण इंजिनाखाली पार मागेपर्यंत हात फिरवला. ना तेल, ना पाणी. एरवी हे सांगताना माझी छाती फुगली असती.

लग्न होऊन तुम्ही घरी आलात ते दिवस सारखे आठवतात. नव्या जावयाला लोक गादीवर बसवतात, मी तुम्हाला इंजिनाखाली घातलं. अंगात चांगला शर्ट होता तुमच्या, आणि तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मी ऐटीत शिकवत होतो, की बोटीचं पोट कोरडं ठेवायचं ते शोभेसाठी नाही. कोरड्या तळात नवा थेंब आला की लगेच दिसतो, घाणीत शंभर थेंब आले तरी कोणाला पत्ता लागत नाही. सांडलेलं तेल फडक्याने टिपून घ्यायचं, पंपाने समुद्रात सोडायचं नाही. आडव्या फळ्यांतली बारीक भोकं जुन्या दातांच्या ब्रशने मोकळी करायची, म्हणजे पाणी अडत नाही, पंपाकडे जातं. तुम्ही माझ्याही पुढे गेलात. तळाला पांढरा रंग दिलात, थेंब लांबूनही दिसावा म्हणून. बोटीचं पोट आहे की नवरीचा गाल, असं म्हणून मी तुमची थट्टा केली होती. खरं तर तेव्हाच मनात म्हटलं होतं, पोरीने माणूस बरा निवडला. तोंडावर कधी म्हणालो नाही. चुकलंच ते.

आणि माझी जीभ! तळात पाणी दिसलं की त्यात हाताचं बोट बुडवायचं आणि चाखायचं. खारं असेल तर ते खालून आलंय, तळाला नाहीतर बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यापाशी गळती आहे. गोडं असेल तर वरून आलंय, पावसाचं किंवा धुतल्याचं. अख्ख्या धक्क्यावर कोणाच्या बोटीत पाणी आलं की मला हाक मारायचे. गळती कुठे आहे ते मी एका थेंबावर सांगायचो. त्या जिभेचा मला भलता माज होता.

त्या दिवसाबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगू? भर प्रवाहात तळातलं पाणी इंजिनाच्या पट्ट्यापर्यंत चढलं, फिरत्या पट्ट्याने ते वायरिंगवर उडवलं आणि इंजिन गप्प झालं. आपली पोरगी सुकाणूवर, मागे प्रवासी आरडाओरडा करतायत, आणि दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं. काठावर ही गर्दी. मी आत उतरलो, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, की पाणी गोडं आहे. सकाळी नळी लावून बोट धुतली होतीत तुम्ही. म्हणजे तळावरचं मागचं झाकण उघडं ठेवलंत तुम्हीच. तुम्ही एवढंच म्हणालात, की झाकण मी स्वतः लावलं होतं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. मग ती तुम्हाला म्हणाली, बाबांची जीभ कधी खोटं बोलत नाही. तुम्ही हात पुसलेत, चावी फळीवर ठेवलीत आणि तुमच्या बहिणीकडे निघून गेलात.

आता ऐका. परवा तुमच्या सासूबाईंनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. चुकून नाही, मुद्दाम. मी कप रिकामा केला आणि वर म्हणालो, वा, आज फक्कड झालाय. त्या समोर बसून बघत होत्या. त्यांना बरेच दिवस संशय होता म्हणे, कारण त्यांचा चेहरा बघून मी भाजीला नावं ठेवायचो किंवा वाहवा करायचो. थंडीत तो ताप आला होता ना मला? तेव्हापासून जिभेला काही कळत नाही. खारट, गोड, आंबट, सगळं सारखंच, नुसतं ओलं. मी कोणाला बोललो नाही. ज्याची सगळी पत जिभेवर, त्याची जीभच गेली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

म्हणजे त्या दिवशी मला काहीच कळलं नव्हतं. आणि काही कळत नाहीये, हे मात्र पक्कं कळत होतं. शेजारच्याला, बाबा, तू जरा चाखून बघ, असं म्हणायला माझं काय जात होतं? पण माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी झाकण बंद, बोट धुतलेली नाही, तरी तळात पुन्हा पाणी. शोधलं तर पंख्याच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग गळत होतं. ते बसवलं कोणी? मी. पंपाचं तोंड तुंबलं होतं, आत माझ्या जुन्या बनियनची चिंधी. सुती चिंध्या तळात विसरू नका, दोरे सुटतात, असं तुम्ही मला किती वेळा बजावलं होतं. मी दोन्ही गुपचूप दुरुस्त केलं, चिंधी खिशात घातली आणि घरी येऊन जेवलो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती दिली चोरानेच. चहाचा प्रसंग झाला नसता तर मी आजही गप्पच बसलो असतो. याचीच जास्त लाज वाटते हो.

काल धक्क्यावर गेलो. जिथे उभा राहून तुमचं नाव घेतलं होतं तिथेच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. कोणी हसलं नाही. डिझेलवाल्याने बसायला खुर्ची दिली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग घरी येऊन लेकीला सांगितलं. ती तशीच उठली. मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ रडली.

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिल्यात मी 'थोडा गैरसमज झाला' असं लिहिलं होतं. तिने ते वाचून फाडलं आणि म्हणाली, नीट लिहा, काही गाळू नका, मला रिकाम्या हाताने त्यांच्यासमोर जायचं धाडस होत नाही. नवऱ्यापेक्षा बापाच्या जिभेवर भरवसा ठेवला, म्हणून ती स्वतःला खातेय. कालपासून पोटात धड अन्न नाही तिच्या. जावईबापू, हे टपालाने आलेलं नाही. तिनेच दाराच्या फटीतून आत सरकवलंय. घंटा वाजवायची तिची हिंमत होणार नाही, ती खालच्या पायऱ्यांवर बसलेली असेल. माझ्यावर हवा तितका राग धरा, जन्मभर बोलू नका, मी हूं की चूं करणार नाही. पण वाचून झालं असेल तर आता उठा आणि दार उघडा.

तुमचाच,
तुमच्यापुढे मान खाली घातलेला सासरा