टाचेने धरून ठेवायची मशीन

आई,

मी मोटारसायकल घेतली आहे. तिला दोन वर्षं झाली आणि तुला जाऊन बावीस. तेव्हा बातमी उशिरा कळवतो आहे हे खरं, पण उशीर नेमका कोणाकडून झाला हा प्रश्न उरतोच. गाडी लाल आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला घडवलेली आणि मग कायद्यापुरते दिवे, हॉर्न आणि आरसे लावून रस्त्यावर सोडलेली. आरशांत मला फक्त माझी कोपरं दिसतात. हँडल इतकं खाली आहे की बसल्यावर मी साष्टांग नमस्कार घालता घालता मध्येच थांबल्यासारखा दिसतो. मनगटं दुखतात, मान वर करून समोर बघावं लागतं आणि सिग्नलला उभं राहिलं की इंजिन मांड्या भाजतं. मागे बसायला जागा नाही. तुझ्या सुनेने एकदाच तिच्याभोवती फेरी मारली आणि म्हणाली, "बरं झालं, मला ये म्हणायची सोयच नाही."

ती पहिल्या गिअरमध्येच शंभराच्या पुढे जाते. गिअर एकूण सहा. दुसरा मी कधीमधी हौसेने टाकतो, उरलेले चार मला ग्रंथातून माहीत आहेत. परळहून लालबाग, तिथून गिरगाव चौपाटी आणि परत, दर रविवारी सकाळी, हा आमचा दिग्विजय. समुद्राकाठच्या ज्या नव्या मोकळ्या रस्त्यावर ती खरोखर धावली असती, तिथे दुचाकीला बंदी आहे. उरलेल्या रस्त्यांवर हातगाड्या, खड्डे आणि गतिरोधक. मागे भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, "किती देते?" म्हटलं, बारा-तेरा. "बस? मुलाची आहे का, काका?" मी म्हटलं, नाही, मुलगा बसने जातो. त्याने काच वर केली. तसा मी विमा कंपनीत लोकांच्या आयुष्यातली जोखीम मोजतो. माझ्या वयाचा माणूस अशी गाडी घेऊन आला असता तर त्याच्या अर्जावर मी नक्की शेरा मारला असता.

का घेतलीस, असं सगळे विचारतात. मीही विचारतो. प्रयोजन सांगितल्याशिवाय ग्रंथ सुरू करू नये, असं गिरगावातल्या पाठशाळेत गुरुजी सांगायचे. मी प्रयोजनाशिवाय सुरू केलेला हा एकच ग्रंथ, आणि त्याचं उत्तर शोधायला लागलो की दर वेळी तुझ्या मशीनपाशी येऊन थांबतो.

तू ज्या कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जायचीस तो हलला, तेव्हा जुन्या मशिनी काढून टाकल्या. त्यातली एक तू आणलीस. मामा आणि दोन हमाल ती हातगाडीवरून घेऊन आले आणि जिन्यात तिसऱ्या पायरीवर अडकले, तेव्हा अर्धी चाळ सल्ला द्यायला जमली. दहा बाय बाराच्या खोलीत ते कारखान्याचं धूड. खाली लोखंडी टेबल, टेबलाखाली मोटर. सुरू केली की फळीवरची भांडी वाजायची. शिवायचं काय, तर शेजारणींचे ब्लाऊज आणि परकरांचे नेफे. मिनिटाला हजारो टाके घालणारी मशीन आणि तू तिच्यावर एक एक हूक-पट्टी करत बसायचीस. मी विचारलं होतं, मग ही कशाला आणलीस? तू म्हणालीस, "झिला, हिका हळू चलाक येणा नाय. टाचेन धरून ठेवूक लागता." पाऊल पुढे दाबलं की सुटणार, टाच मागे दाबली की थांबणार, आणि त्या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी ब्लाऊज. लालबागच्या गर्दीत क्लच अर्धा धरून मी गाडी सरपटवत नेतो तेव्हा तुझी टाच मला दिसते, भेगांसकट.

आणि एक रविवार दिसतो. मी पाठशाळेतून लवकर आलो आहे. दार लोटलेलं, भांडी वाजताहेत, आणि आतून असा एक सूर येतो आहे जो मी तोवर ऐकलेला नाही. तू जुनी चादर घेतली आहेस. पाऊल पुरतं खाली. चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती सरळ धावते आहे, संपली की तू वळवतेस आणि पुन्हा सोडतेस. मी उंबऱ्यात उभा आहे. तुझा चेहरा मी आधी पाहिलेला नव्हता, असं लिहिलं तर तुला हसू येईल. मला बघून टाच मागे दाबलीस. "काय शिवतेस?" म्हटलं. म्हणालीस, "काय नाय. जेवलंस?"

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. माझी पाठांतराची परीक्षा जवळ आली होती. बाबा गिरणीतून येऊन त्याच खडखडाटात सुखाने घोरायचे. त्रास काय तो मला एकट्यालाच व्हायचा. पंधरा वर्षांचा होतो आणि आपल्याला पुष्कळ येतं असं वाटत होतं. कोणते आवाज कानावर आले की अध्ययन थांबवावं याची एक यादी आम्हाला नुकतीच शिकवली होती. त्याला अनध्याय म्हणतात. मी एका कागदावर ठळक अक्षरांत 'अनध्याय' लिहिलं आणि मशीनच्या अंगावर डकवलं. तू विचारलंस, ह्या काय? मी यादी म्हणून दाखवली. गाढव ओरडलं तर, कोल्हेकुई झाली तर, कुत्रं भुंकलं तर. तू हसलीस. खरंच हसलीस. "मगे मी कोण रे, गाढव की कोलो?" आणि कागद न काढता परकर पुरा केलास. पुढच्या आठवड्यात परीक्षेची तालीम संपवून आलो तर मशीनच्या जागी आपली जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन. बाबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "घरात मावत नव्हती." माझ्याकडे पाहिलंही नाहीस. परीक्षेच्या आदल्या दिवशी मला बसायला एक आसन दिलंस, जुन्या साड्यांचं, जवळजवळ टाके घालून फळीसारखं कडक केलेलं. त्यावर बसलो की मला शिंका यायच्या. परीक्षकांनाही आल्या. मी पहिला आलो. ते टाके कशाने घातले असतील, हे मी विचारलं नाही. हेतू शोधायची माझी खोड स्वतःच्या घराबाहेरच चालायची.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. आपली चाळ होती तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही राहतो. खाली पार्किंग, त्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी बारावीला. एका रविवारी खाली गेलो तर गाडीच्या टाकीवर चिठ्ठी. "काका, बारावी आहे. सकाळी नको ना, प्लीज." मी तिथेच हसलो, आणि मग एकदम हसता येईना. लिफ्टमध्ये ती भेटली. "काका, रागावलात?" म्हटलं, नाही ग. काय पाठ करतेस? "पाठ कसलं, केमिस्ट्री." आणि जरा थांबून, "तशी भारी आहे तुमची गाडी. फक्त तिचा सूर लागला की माझं सगळं विस्कटतं." तुझ्या सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "विकून टाक. तसाही तू तिला सरपटवतोसच." मला पटलं. एक गिऱ्हाईक ठरलं, त्या रविवारी बारा वाजता येणार होतं.

सकाळी शेवटची फेरी म्हणून निघालो. गाडी बंद ठेवूनच ढकलत फाटकाबाहेर आणली, दोनशे किलो, धापा टाकत. लालबागला मसाल्याची गर्दी सुरू झालेली. दहा मिनिटं एका जागी अडकलो आणि गाडी तापली. बाजूला एका डंखाच्या, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राच्या, दुकानासमोर घेतली. आत मिरच्या कुटल्या जात होत्या, हेल्मेटच्या आत मला शिंका. एक म्हातारी बाहेर आली. "बंद केलीस तरी पंखा कसला फिरतोय तिचा?" म्हटलं, तापली आहे, आजी. "आजी कोणाला म्हणतोस? स्वतःचे केस बघ." मी हेल्मेट काढून पुन्हा शिंकलो. ती बघत राहिली. "परळचा ना तू? नाक आईचं. तो शिंकणारा संस्कृतवाला तूच ना?"

आई, तू दर रविवारी मसाला आणायला जायचीस. आपल्या घरात चार घरांना पुरून उरेल इतका मसाला का असतो, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. म्हातारीने मला डंखाच्या मागची जागा दाखवली. "इथे होती तुझ्या आईची मशीन. इथे आवाजाचं काय, डंख चालू असला की माझंच मला ऐकू येत नाही. यायची, एक लांब चिंधी घ्यायची नि सोडायची. एकदा विचारलं, बाई, गिऱ्हाईक कोण? म्हणाली, मीच." तू गेल्यावर मशीन दोन वर्षं तशीच ठेवली, मग गंजली, भंगारात गेली. जागा रिकामीच आहे. तिने गाडीकडे हनुवटीने खूण केली. "ही ठेव हवी तर."

बारा वाजता आलेल्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवलं. गाडी आता तिथे असते. रविवारी मी मसाला आणायला जातो. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीची परीक्षा चालू आहे, आणि तुझी सून परवा डबे मोजून म्हणाली की एवढ्या मसाल्यात आपण लग्न उरकू. गाडी कुठे असते हे तिला अजून सांगितलेलं नाही, पण तिचं नाक माझ्यापेक्षा हुशार आहे, फार दिवस चालणार नाही. माझी धाव अजून दुसऱ्या गिअरपर्यंतच. पण एका रविवारी ट्रॅकवर घेऊन जाणार आहे, मुंबईबाहेर. पाय पुरता खाली गेला की कसं वाटतं, हे तुला विचारायचं राहिलं, तेव्हा स्वतः बघून येतो.

हे पत्र त्या गाडीच्या सीटखाली ठेवणार आहे. तिथे घडी घातलेला एक कागद मावतो, बाकी काही नाही. आणि एक सांगायचं राहिलं. म्हातारीने त्या दिवशी मला विचारलं, "इतकी आवडीची मशीन, घरातून का काढलीन रे तिने? कधी बोलली नाही." माझ्या तोंडाशी तो 'अनध्याय'चा कागद आला होता, अक्षरांसकट. मी म्हटलं, घरात मावत नव्हती.