कॅलिस्थेनिक्सचं माहेर

आई, आधी एक दुरुस्ती. तुझी कंबर कधीच दुखत नव्हती. मी मात्र आजवर सगळ्यांना सांगत आले की माझी आई कंबरदुखीसाठी व्यायाम करायची. तसं सांगितलं की लोक पुढं काही विचारत नाहीत.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, गॅसवर कुकर, ओट्यावर माझी पाटी. मला शाळेत घालायच्या आधीची ती आपली शाळा. तू पदर खोचून, टाचा उचलून दोन्ही हात छताकडे ताणतेस, मीही ताणते. ‘अजून वर कर वं पोट्टी, पालीवानी भिंतीले काहून चिकटली?’ तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी घेऊन आत येतात. ‘काय करून राहिली वं बाई?’ तू झटकन हात कमरेवर आणतेस. ‘डॉक्टरनं सांगतलं. कंबर धरते ना.’ काकू हळहळल्या आणि संध्याकाळी निर्गुडीचा पाला घेऊन आल्या. त्या गेल्यावर तू तोंडात पदर कोंबून हसलीस, आणि पाला वाया जाऊ नये म्हणून बाबांच्या गुडघ्याला बांधलास.

त्या व्यायामाला तू कॅलिस्थेनिक्स म्हणायचीस, नागपूरच्या तुझ्या शाळेतल्या बाई म्हणायच्या तसं. इंग्रजी शब्द शिकवताना त्याचं माहेर सांगायचं, ही तुझी पद्धत. याचं मात्र म्हणालीस, ‘मले नाही माहीत, तू शोध.’ तू गेल्यावर तो शब्द उच्चारायलाही नको वाटायचं.

आई, सापडलं! ग्रीक आहे. कॅलोस म्हणजे सौंदर्य, स्थेनोस म्हणजे बळ. वेगवेगळ्या कोशांत ताडून पाहिलं, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. आणि पुढचं ऐक: इंग्रजीत हा शब्द नवा होता तेव्हा तो मुख्यतः मुलींच्या व्यायामासाठी वापरत. चांगल्या धडधाकट मुलींच्या! वाचलं आणि मी खुर्चीतून उठून एकटीच हात वर ताणून उभी राहिले.

शोधायला लावलं एका मुलीनं. इकडे हिंदी मुलखात, बीरगावला, मी सकाळी बायकांना व्यायाम शिकवते. प्रत्येकीजवळ काहीतरी दुखणं असतं, कुणाचा गुडघा, कुणाची मान. त्याशिवाय घरचे सोडत नाहीत. ही नववीतली पोट्टी फाटकाशी येऊन, पाटीवर मी नुसता लिहून ठेवलेला तुझा शब्द वाचून विचारते, ‘दीदी, ये कॅलिस्थेनिक्स मतलब क्या? मेरे को तो कुछ हुआ नहीं है, मैं आ सकती हूँ? पापा बोलते हैं, बीमार है तो जा, नहीं तो काहे को.’

‘बोल दे ना, कमर में दर्द है,’ एक बाई म्हणाल्या, ‘हम सब वही बोलके आए हैं.’ सगळ्या हसल्या. ती नाही हसली. ‘झूठ काहे बोलूँ? मेरे को ताकत चाहिए.’

तुझी युक्ती माझ्याही ओठांवर आली होती. तुझा राग नाही गं, तुला दुसरा मार्ग नव्हता. पण हिला ती शिकवली तर ही पोट्टी जन्मभर कुठलं ना कुठलं दुखणं सांगत फिरेल. मी म्हटलं, ‘रुक, पापा से मैं बात करती हूँ.’

त्यांना ग्रीक सांगून उपयोग नाही. एवढंच म्हणायचं, तिला काही झालेलं नाही, म्हणूनच पाठवा. ते इथल्या जवळच्याच सिलतऱ्याच्या कारखान्यात आहेत, गुरुवारी त्यांची सुट्टी असते. मला त्यांची फार भीती वाटते आहे, आणि तुला सोडून कुणाला हे सांगितलेलं नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, इथंच ठेवते. गुरुवारी सकाळी, वर्ग सुटला की जाईन.