शेवटच्या रांगेपर्यंत

२ जानेवारी, सकाळी ८

व्हॅनमध्ये. आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

बँडचा वीस कार्यक्रमांचा दौरा आज सुरू. आम्ही पाच जण. गिटारवाला कॅप्टन (बँड त्याचा), मुख्य गायिका ताई, ड्रमर (व्हॅनही तोच चालवतो, दोन्ही एकाच पद्धतीने), साउंडवाले मामा आणि मी. मी सहगायिका. सगळे मला 'ग्रॅज्युएट' म्हणतात. कौतुकाने.

ध्येय: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे. नुसता कानापर्यंत नाही, मनापर्यंत. त्यासाठी रोज पहाटे पाचला रियाज, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि जमल्यास या मंडळींना थोडी शिस्त.

आज उठायला साडेसात झाले. पण निघायच्या दिवशी गडबड असते, तो धरायचा नाही.

३ जानेवारी, दुपारी २

काल पहिला कार्यक्रम. फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन. लोक विकायला ठेवलेल्या सोफ्यांवर बसलेले, प्लॅस्टिक न काढता. मी मनापासून गायले. परिणाम लगेच दिसला. एक आजोबा तिसऱ्या गाण्याला सोफ्यावरून उठले आणि पलंगांच्या विभागात जाऊन बसले. कलेचं कामच माणसाला जागेवरून हलवणं.

नंतर कॅप्टन आणि मामा कोपऱ्यात बराच वेळ बोलत होते. मी गेल्यावर गप्प झाले. माझ्याबद्दल असावं. फार लवकर स्तुती केली तर माणूस बिघडतो, म्हणून बोलत नसतील.

आज सकाळी मामांच्या मिक्सरचं एक सॉकेट जळालं. (मिक्सर म्हणजे सगळ्या माइकच्या वायरी जिथे जोडतात आणि आवाज कमी-जास्त करतात ते यंत्र. घरी आईला समजावताना तिला वाटलं आम्ही प्रवासात चटण्या वाटतो.) सहा सॉकेट होती, पाच उरली. मामा म्हणाले, आता कुणाची तरी वायर काढावी लागणार. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की निर्णय भावनेने नको, एकूण आवाजाचं हित बघा. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात हो."

५ जानेवारी, सकाळी १०

काय फरक! माझा आवाज आता गोल झालाय. स्पीकरमधून परत येतो तेव्हा मलाच ओळखू येत नाही. पट्टीला चिकटून, कुठेही कंप नाही, अगदी ताईंसारखा. गुळण्यांचा गुण. दोनदाच केल्या आहेत, नियमित केल्या तर काय होईल!

मामांना विचारलं, माझा आवाज कसा येतोय. म्हणाले, "आता काही त्रास नाही."

७ जानेवारी, सायंकाळी ५

लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

बाबांचा फोन. विचारलं, मुख्य गाणी कोण म्हणतं? मी म्हटलं, "आम्हीच म्हणतो की." हे खोटं नाही, 'आम्ही'मध्ये ताई येतातच. पण बाबांनी फोन बाजूला धरून आईला ओरडून सांगितलं, "अगं, मुख्य गाणी आपलीच म्हणते!" मागून शेजारच्या काकूंचाही आवाज आला. काकूंना कळलं म्हणजे गल्लीला कळलं. एवढ्या लोकांचा विरस करणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसले.

दुसरं त्याहून वाईट. जेवताना कॅप्टनने विचारलं, वडील काय करतात. म्हटलं, "इलेक्ट्रिकलमध्ये आहेत." तो म्हणाला, "इंजिनियर?" मी तेव्हा पाणी पीत होते. मान हलली. पाणी गिळताना मान हलतेच.

बाबा वायरमन आहेत. गल्लीतले पंखे, बटणं, फ्यूज. त्यावरच मला शिकवलं. आमच्या अख्ख्या घरात पहिली पदवी माझी. ती त्यांनी भिंतीला चार स्क्रूंनी पक्की केली आहे आणि वर एक छोटा बल्ब लावलाय. त्याला वेगळं बटण आहे. पाहुणे आले की लावतात.

या बँडमध्ये मी सोडून कुणीच पदवीधर नाही. मग मला इंजिनियर बाप कशाला हवा होता, हे मलाच समजत नाही.

११ जानेवारी, दुपारी

व्हॅनमध्ये वेळापत्रक लावलं. रियाज, वाचन, आत्मपरीक्षण, चहा. ड्रमरने त्यातला चहा काटेकोरपणे पाळला.

ताईंना उच्चारांचं महत्त्व समजावलं, पाऊण तास. त्या सातवी शिकल्या आहेत. मध्येच डोळे मिटले. मला वाटलं चिंतन. थांबले तर म्हणाल्या, "बोल गं ग्रॅज्युएट, थांबू नकोस. तुझ्या बोलण्यात मला झोप फार छान लागते."

राग आला नाही. आला, पण दाखवला नाही.

१६ जानेवारी, सकाळी ९

काल कार्यक्रमानंतर हात धुताना एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही मागे उभ्या होतात ना? तोंड फार सुंदर हलवता हो!" इतक्या दिवसांत उच्चारांची दखल घेणारं पहिलं माणूस. त्यांचा हात ओला असताना दाबला.

२० जानेवारी, सकाळी ११

चमत्कार. काल घसा साफ बसला. सकाळपासून शब्द फुटेना. ड्रमर दिवसभर खुशीत होता, कारण समजलं नाही. तरीही मी उभी राहिले. घशातून नुसती हवा येत होती आणि स्पीकरमधून आवाज नेहमीसारखा, किंबहुना जास्तच मोकळा! कॅप्टन म्हणाला, दौऱ्यातला सर्वांत चांगला कार्यक्रम.

याला म्हणतात इच्छाशक्ती. (खाली दोन रेघा मारल्या आहेत.)

२२ जानेवारी, दुपारी ३

बाबा येणार. अठ्ठावीसला, शेवटच्या कार्यक्रमाला. रात्रभराचा प्रवास करून. म्हणाले, "तुझं मुख्य गाणं ऐकतो आणि परत येतो, काम आहे."

सरळ कॅप्टनकडे गेले आणि एकटीसाठी एक गाणं मागितलं. कारण सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते लिहीत नाही. कॅप्टनने मामांकडे पाहिलं. मामांनी जमिनीकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "पूर्ण गाणं नको, चार ओळी दे तिला. तू पुढे उभी राहा गं. मी आहे आत, पडद्याच्या बाजूला."

कशासाठी, ते विचारलं नाही. आधार म्हणून असेल. मोठ्या मनाची बाई. उच्चारांचं मी जरा जास्तच बोलले होते.

२६ जानेवारी, सकाळी ८

बाबांना फोन. इस्त्रीचा शर्ट घाला. हॉलमध्ये उगाच बटणं दाबून बघू नका. पंख्याच्या आवाजावरून त्याचं काय बिघडलंय ते लोकांना सांगू नका. आणि खिशाला टेस्टर नको.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

हे सगळं त्यांच्याच भल्यासाठी. तरी फोन ठेवल्यावर नाश्ता गेला नाही. पोह्यांनाच चव नसावी. इथले उकडलेले बटाटेही तसेच असतात.

२८ जानेवारी, दुपारी ४.३०

बाबा तीन तास आधी आले. शर्टाला इस्त्री, घडीच्या रेघांसकट. खिशाला टेस्टर. म्हणाले, "सवयीने राहिला गं." मी तो घाईने काढून माझ्या पर्समध्ये टाकला. तेवढ्यात कॅप्टन हात पुढे करून आला. "या या, इंजिनियरसाहेब!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याच्या कापडाचा पोत बघत होते.

बाबा म्हणाले, "साहेब कशाला? नुसतं या म्हणा."

नाही म्हणाले नाहीत. आपण वायरमन आहोत, हेही म्हणाले नाहीत.

आता सगळे चहाला चाललोय. बाबांना विचारलं, तर म्हणाले, तुम्ही जा, मी इथे हॉल बघत बसतो. बरं झालं.

संकल्प: आज चार ओळींत सगळं भरून काढायचं.

२९ जानेवारी, सकाळी ६

लॉजच्या जिन्यात बसून. खरं तेच लिहायचं ठरलं होतं.

आम्ही चहाला गेलो तेव्हा बाबांनी हॉल बघितला. म्हणजे वायरी बघितल्या. माझ्या माइकची वायर त्यांनी बोटाने धरत धरत शेवटपर्यंत नेली. ती स्पीकरमागे जाऊन संपली. नीट गुंडाळून, दोरा बांधून ठेवलेली. कशालाच जोडलेली नाही.

मिक्सरवर जागा नव्हती. पण कोपऱ्यात हॉलचं स्वतःचं यंत्र होतं, 'अमुक नंबरची गाडी हलवा' वगैरे सूचना द्यायचं. बाबांनी माझी वायर त्याला जोडली. टेस्टर माझ्या पर्समध्ये होता, पण त्यांचा दुसरा मोज्यात असतो. तो मी विसरले होते. आवाजाचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं.

ते यंत्र हॉलमध्ये वाजतं. शिवाय बाहेरच्या बोळात, उपाहारगृहात, जिन्यात आणि गाड्या उभ्या करायच्या जागेत.

सुरुवातीची गाणी मी मागे उभी होते, माइकपासून हातभर लांब, त्यामुळे काही कळलं नाही. मग माझ्या चार ओळी आल्या. मी पुढे आले, माइक तोंडाशी धरला, डोळे मिटले. पहिली ओळ सुरू झाली आणि कुणीतरी बाई छतातून ओरडायला लागली. सुराच्या अगदी शेजारून गात होती, पण आत यायला तयार नव्हती. ताईंचा गोड आवाज तिच्याखाली चेंगरत होता. माझ्या मनात आलं, कोण ही? हिला कुणी गप्प का करत नाही?

मी श्वास घ्यायला थांबले. तीही थांबली.

मामा तोवर मिक्सरवरचं एकेक बटण खाली ओढत सुटले होते. आधी गिटार गेली, मग ड्रम, मग ताई. ज्यांचा दोष नव्हता ते सगळे गप्प झाले आणि उरलेल्या तीन ओळी मी एकटीने म्हटल्या. थांबायचं सुचलं नाही. बाहेरून वॉचमन धावत आत आला, काय झालं म्हणून. शेवटची रांग कधीच ओलांडली होती.

टाळ्या वाजल्या. एकाच माणसाच्या. उभ्याने.

कार्यक्रमानंतर बाबा वर आले ते चिडलेले. मामांना म्हणाले, "अहो, पोरीची वायर सुटलेली! तिच्यावर महिन्याची धूळ आहे. एवढ्या दिवसांत तुमच्या लक्षात येऊ नये?"

मी मामांकडे पाहिलं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "चुकलंच, साहेब."

"आणि मध्ये मध्ये दुसरं कोण गात होतं?"

ताई म्हणाल्या, "मी. चुकून."

कुणीही खरं सांगितलं नाही. ज्या लोकांना मी महिनाभर आत्मपरीक्षण शिकवत होते, त्यांनी माझ्या बापासमोर माझी अब्रू राखली. आणि बापाने दुपारीच त्यांच्यासमोर राखली होती.

मामांना नंतर एकटं गाठून विचारलं, कधीपासून? म्हणाले, "दुसऱ्या कार्यक्रमापासून. तुम्हीच म्हणालात ना, भावनेने निर्णय नको."

रात्री ही रोजनिशी पहिल्यापासून वाचली. वीस तारखेपर्यंत पोचले. दोन रेघा वहीच्या मागच्या पानावरही उमटल्या आहेत.

२९ जानेवारी, सकाळी १०.४५

नाश्त्याला सगळे होते. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं की माझे वडील इंजिनियर नाहीत, वायरमन आहेत. आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला. माइक नसताना.

कॅप्टन पाव खात म्हणाला, "कळलं की. इंजिनियर मोज्यात टेस्टर ठेवत नाही."

मग बाबांकडे वळून म्हटलं की मुख्य गायिका मी नाही, ताई आहेत. बाबा म्हणाले, "ते दारावरच्या पोस्टरवर होतं. तुझं सर्वांत खाली, मामांच्या शेजारी. बारीक आहे अक्षर, पण वाचता येतं."

म्हणजे वायर जोडली तेव्हा त्यांना माहीत होतं. का जोडली, ते विचारलं नाही. सुटलेली वायर दिसली की ते जोडतात.

सकाळी सातला त्यांनी मामांच्या मिक्सरचं जळलेलं सॉकेट दुरुस्त केलं. आता पुन्हा सहा. मामा माझ्याजवळ येऊन अगदी अदबीने म्हणाले, "आता जागा आहे. लावू का तुमची वायर पुढच्या दौऱ्याला?" मी म्हटलं, नको. ड्रमरने टेबलावर हळूच एक ठेका वाजवला आणि ताईंनी त्याच्या हातावर मारलं.

मग कॅप्टनने फेब्रुवारीच्या दौऱ्याचं विचारलं. बाबांना. म्हणाला, तुमच्यासारखा माणूस बरोबर पाहिजे, व्हॅनचे दिवेही नीट नाहीत. ताई म्हणाल्या, याच हो. मामा म्हणाले, माझं ओझं हलकं होईल. मला कुणी काही विचारलं नाही. मी चहा ढवळत होते. साखर घातलेली नव्हती.

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, "जाऊ का गं? तुला लाज वाटणार नसेल तर."

महिनाभर मी बोलत होते, आणि नेमका आता शब्द फुटेना. घसा ठीक होता.

पर्स उघडली. त्यांचा टेस्टर काढला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या खिशाला लावला.

त्यांनी तो लगेच काढून भिंतीतल्या प्लगमध्ये घातला. पेटतो का ते बघायला.