भिंतीवर उमटलेले आवाज

प्रिय अव्वा,

सोलापुरात मी मजेत हाय. नोकरीची काळजी करू नको, या वर्षापुरती तरी पक्की हाय. अप्पांचा गुडघा कसाय?

वर्गात पोरांचे फोन वापरून शिकवायला प्राचार्यांनी एकाच तासाची मुभा दिलेली. पटलं नाही तर बंद.

खिडक्या लावून मी विचारलं, घरातला कुठला आवाज आवडतो? पोरं फोनवर लिहायची आणि ते प्रोजेक्टरनं समोरच्या भिंतीवर उमटायचं, नावाशिवाय. भाकरी थापल्याचा, मागाच्या खटखटीचा, आजीच्या कन्नड गाण्याचा. अंधारात शब्द नुसते तरंगत होते.

तेवढ्यात प्राचार्य आले आणि सवयीनं सगळे फोन बाकाखाली गेले. नवीन काही उमटेना.

"भिंत थांबली की," ते म्हणाले.

"सर, तुमी हितं उभे असल्यावर कोण फोन काढंल?" पहिल्या बाकावरची पिंकी म्हणाली.

ते हसले, शेवटच्या बाकावर बसले आणि स्वतःचा फोन काढला. हळूहळू भिंत पुन्हा भरली.

जाताना म्हणाले, "उद्या काय विचारणार?"

मला अजून सुचलं नाही. तू काय विचारलं असतंस, कळव. जेवलात का, हे सोडून.

तुझ्या फोनवरल्या हाकेच्या अंतरावरचा,
शिवू